आकाशातून आलेली वेळ आणि जीपीएसडीच्या दुरुस्त्या: पार्श्वभूमी

उपग्रहाचा सिग्नल रिसीव्हर पकडतो, पण त्यातून निघालेलं ठिकाण आणि वेळ बहुतेकदा थेट ॲपच्या हातात पडत नाही. लिनक्स आणि त्याच्या कुळातल्या प्रणालींवर मधे जीपीएसडी नावाचा प्रोग्राम बसलेला असतो. सीरियल किंवा यूएसबीवरून रिसीव्हरचं बोलणं तो ऐकतो, समजून घेतो आणि २९४७ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे नेटवर्कच्या ठरावीक दारातून, बाकीच्या प्रोग्रामना देतो. १९९०च्या दशकात सुरू झालेला हा मुक्तस्रोत प्रकल्प २००४ मध्ये प्रोग्रामर एरिक रेमंड यांनी हाती घेतला. त्याच्या सुरक्षा-दुरुस्त्यांचा इतिहास पाहिला, की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: रिसीव्हरकडून किंवा नेटवर्कवरून आलेल्या अक्षरांवर प्रोग्रामने गरजेपेक्षा जास्त विश्वास टाकला.

तो विश्वास कुठून आला, हे रिसीव्हरची भाषा पाहिली की कळतं. एनएमईए ०१८३ हे मानक जहाजांवरच्या उपकरणांसाठी तयार झालं. त्यातलं वाक्य सहसा डॉलरच्या चिन्हाने सुरू होतं, मधली माहिती स्वल्पविरामांनी तोडलेली असते आणि शेवटी ताऱ्याच्या चिन्हामागे दोन अक्षरांचा चेकसम, म्हणजे वाक्यातल्या अक्षरांवरून काढलेला पडताळणीचा आकडा, येतो. तारेत गडबड होऊन एखादं अक्षर बिघडलं, तर चेकसम ते पकडतो. मुद्दाम रचलेलं खोटं वाक्य मात्र त्याला पकडता येत नाही, कारण बरोबर चेकसम कोणीही काढू शकतो. रिसीव्हर आपल्याच हाताने जोडलेला, मग तो खोटं कशाला बोलेल, असाच त्या काळचा हिशेब होता.

पहिला मोठा धक्का जानेवारी २००५ मध्ये बसला. जीपीएसडी आपल्या नोंदी प्रणालीच्या लॉगमध्ये लिहायचा, आणि लिहिताना बाहेरून आलेला मजकूरच साच्याच्या (नोंद कशी छापायची हे सांगणाऱ्या सूचनेच्या) जागी ठेवायचा. सी भाषेत अशा साच्यातल्या टक्क्याच्या चिन्हाला खास अर्थ असतो. टक्क्यापुढे ठरावीक अक्षर आलं, तर नोंद छापणारं फंक्शन थेट मेमरीत लिहू लागतं. म्हणजे पोर्टवर नीट रचलेला मजकूर पाठवणाऱ्याला तो प्रोग्राम ताब्यात घेता येण्याची वाट मोकळी होती. उपाय जेमतेम काही अक्षरांचा: ‘हा साचा नाही, साधा मजकूर आहे’ असं फंक्शनला आधीच सांगायचं. इतकी छोटी दुरुस्ती आणि इतका मोठा धोका, हे प्रमाण या क्षेत्रात नेहमीचंच आहे.

२०१२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली. त्यांनी उपग्रहाच्या नावाने खोटा सिग्नल तयार केला आणि त्यात कक्षेच्या आकाराचा आकडा शून्य ठेवला. खरा उपग्रह असं कधीच सांगणार नाही, म्हणून तो आकडा तपासावा असं कोणाला वाटलं नव्हतं. शून्याने भागाकार झाला आणि रिसीव्हर पुन्हा पुन्हा रीबूट होत राहिला.

पुढच्याच वर्षी जीपीएसडीत त्याच जातीचा दोष निघाला. काही रकाने आणि शेवटची खूण नसलेलं अर्धवट वाक्य आलं, की प्रोग्राम कोसळायचा. ३.९ आवृत्तीत ते सुधारलं. २०१८ चा दोष अधिक गंभीर होता, कारण जेसॉन (माहिती मजकुराच्या रूपात मांडायची एक पद्धत) वाचणाऱ्या भागातला तो बफर ओव्हरफ्लो, म्हणजे राखून ठेवलेल्या जागेबाहेर मेमरीत लिहिलं जाणं, २.९० पासून ३.१७ पर्यंतच्या सगळ्या आवृत्त्यांमध्ये होता. त्यातून परक्याचा कोड चालवला जाण्याची शक्यता होती. शिवाय मायक्रोजेसॉन या स्वतंत्र लायब्ररीतही तोच दोष असल्याने ती वापरणारे प्रोग्रामही अडकले. ३.१८ ने ही वाट बंद केली.

हे पॅच, म्हणजे अशा दुरुस्त्या, वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचतात ते मुख्यतः लिनक्सच्या वितरणांमार्फत, म्हणजे लिनक्स आणि त्यावरचे प्रोग्राम एकत्र देणाऱ्या संचांमार्फत. डेबियन किंवा उबुंटू स्थिर शाखेत सहसा नवी आवृत्ती आणत नाहीत, जुन्याच आवृत्तीवर नेमकी तेवढी दुरुस्ती चढवतात. म्हणून आवृत्तीचा आकडा जुना दिसला, तरी दोष गेलेला असू शकतो. आकड्यावर न जाता पॅकेजचा बदलांचा इतिहास वाचावा, हे मी आग्रहाने सांगेन. खरी चिंता सर्व्हरची नाहीच. एखाद्या डब्यात बंद करून बसवलेल्या आणि नंतर कोणी हात न लावलेल्या उपकरणांची आहे.

२०२१ मधली घटना याहून वेगळी, पण सगळ्यात बोलकी. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याच्या क्रमांकासाठी दहाच बिट आहेत, त्यामुळे १,०२४ आठवड्यांनी तो शून्यावर येतो. ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये हे घडून गेलं होतं. आठवडा नेमका कोणत्या फेरीतला, हे ताडण्यासाठी जीपीएसडीत एक तपासणी घातलेली होती: आठवडा २१८० च्या पुढचा आणि लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी वेळ जुळवण्यासाठी अधूनमधून घातलेले जादा सेकंद) १९ पेक्षा कमी असतील, तर काहीतरी चुकलंय असं धरून १,०२४ आठवडे मागे जा. पण २०१७ च्या सुरुवातीपासून लीप सेकंद १८ वरच थांबलेले होते. त्यामुळे २४ ऑक्टोबर २०२१ रोजी, २१८१ वा आठवडा लागताच, ३.२० ते ३.२२ या आवृत्त्या थेट मार्च २००२ मध्ये जाणार होत्या. दोष वेळेत लक्षात आला, ऑगस्टमध्ये ३.२३ आली आणि अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेनेही सावध केलं.

घाई का, तर जीपीएसडीकडून अनेक ठिकाणी घड्याळ लावलं जातं. वेळेचा दुसरा स्रोत नसलेलं यंत्र २००२ मध्ये गेलं, की अपडेट देणाऱ्या सर्व्हरचं प्रमाणपत्र (ओळख पटवणारा, ठरावीक तारखांपुरता लागू असलेला दाखला) त्याला अजून लागूच न झालेलं वाटतं. डेबियन-उबुंटूवर अपडेट आणणारा एपीटी हा प्रोग्रामसुद्धा पॅकेजांच्या यादीवरची तारीख पुढची आहे म्हणून ती नाकारतो. पॅच सर्व्हरवर तयार असतो, पण यंत्राला तो घेता येत नाही. मग कोणीतरी यंत्रापर्यंत पोहोचून जीपीएसडीकडून वेळ घेणं आधी थांबवायचं, तारीख हाताने बसवायची आणि नंतरच अपडेट सुरू करायचं.