ऑनलाइन रेग्युलेटर म्हणजे जिवाशी खेळ?
स्कूबात, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहताना, टाकीतली हवा श्वास घेता येईल इतक्या दाबावर आणतो तो रेग्युलेटर. "ऑनलाइन घेतलेला रेग्युलेटर पाण्याखाली दगा देतो, दुकानातलाच भरवशाचा," हे स्कूबा शिकणाऱ्यांना वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. तसं काही नाही. अस्सल माल दोन्हीकडे त्याच कारखान्यातून येतो. टाकीतला 200 बारचा दाब फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा टाकीला जोडलेला भाग) भोवतालच्या दाबापेक्षा साधारण 10 बार जास्त, इतका खाली आणते. हे काम बिघडतं ते साचलेल्या मिठामुळे, झिजलेल्या ओ-रिंगमुळे (हवा गळू न देणारी रबरी कडी), टाळलेल्या सर्व्हिसिंगमुळे. बिल कुठलं यामुळे नव्हे. विक्रेता अधिकृत आहे ना, एवढं मात्र बघाच. नाहीतर माल नकली निघू शकतो, वॉरंटीही अडते.

मास्क मात्र दुकानातच घ्यावा. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलका श्वास ओढायचा आणि हात सोडायचा. पडला, तर दुसरा मागा. फोटो बघून हे कळत नाही.