सर्जनशीलता

नवे आणि त्याच वेळी अर्थपूर्ण किंवा उपयोगी असे काही घडवण्याची क्षमता म्हणजे सर्जनशीलता. दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. कविता, शिल्प, रागाची बढत यांच्याइतकीच ती यंत्राच्या दुरुस्तीत, शेतातल्या पाणी देण्याच्या युक्तीत आणि उरलेल्या भातापासून नवा पदार्थ करण्यातही असते.

संस्कृत काव्यशास्त्राने हा प्रश्न 'प्रतिभा' या नावाखाली हाताळला. भट्ट तौताने प्रतिभेला 'नवनवोन्मेषशालिनी प्रज्ञा' म्हटले, म्हणजे सतत नवे काही उमलवणारी बुद्धी. ११व्या शतकातील मम्मटाचे विवेचन तर आजही जवळचे वाटते. जन्मजात शक्ती, लोकव्यवहार व शास्त्रे पाहून आलेली निपुणता आणि जाणकारांच्या हाताखाली केलेला अभ्यास ही त्याने काव्याची कारणे सांगितली. पण 'हेतु' हा शब्द मुद्दाम एकवचनी वापरला. ही तीन वेगवेगळी कारणे नव्हेत, तिन्ही मिळून एकच कारण होते. सर्जनशीलता ही केवळ दैवी देणगी मानणाऱ्यांनी हे एकवचन नीट लक्षात घ्यायला हवे.

आधुनिक मानसशास्त्राने या विषयाला बराच काळ हातच लावला नव्हता. १९५० मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून बोलताना जे. पी. गिलफर्ड यांनी दाखवून दिले, की मागील २३ वर्षांत नोंदल्या गेलेल्या सुमारे १,२१,००० लेखनांपैकी जेमतेम १८६ सर्जनशीलतेशी संबंधित होती. एकाच बिनचूक उत्तराकडे नेणारा अभिसारी विचार आणि एका प्रश्नातून अनेक वाटा काढणारा अपसारी विचार असा भेद त्यांनी केला. 'विटेचे किती उपयोग सुचतात?' हा प्रश्न त्या परंपरेतला. भिंत, चूल, पायरी असे वीस उपयोग सांगणाऱ्यापेक्षा वजन, घासायची वस्तू, रंगाची भुकटी असे वेगवेगळ्या जातींचे पाच उपयोग सांगणाऱ्याचा विचार अधिक लवचीक ठरतो.

सर्जनशील माणसे कशी असतात, याचा एक गाजलेला अभ्यास डोनाल्ड मॅकिनन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस बर्कले येथे वास्तुविशारदांवर केला. व्यवसायबंधूंनीच सर्जनशील म्हणून निवडलेल्या या मंडळींत बुद्ध्यंकाचा सर्जनशीलतेशी जवळपास संबंध आढळला नाही. आढळली ती गुंतागुंतीची ओढ, अनुभवांना सामोरे जाण्याचा मोकळेपणा आणि स्वतंत्र मत बाळगण्याची तयारी. लहानपणाविषयी विचारल्यावर अनेकांनी सांगितले, की आईवडील त्यांना मान देत आणि योग्य ते करतील असा भरवसा ठेवत.

हे गुण एका माणसात एकवटलेले पाहायचे तर धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांच्याकडे पाहावे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छपाईचा धंदा, शिवाय जादूचे प्रयोग. वरवर पाहता हा धरसोडपणा वाटेल. पण येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहून पडद्यावर आपल्या देवादिकांना आणायचे त्यांच्या मनाने घेतले, तेव्हा यातले सगळे उपयोगी पडले. चित्रपट पाहून पाहून डोळ्यांवर इतका ताण आला, की काही काळ दृष्टीच गेली. पुढे १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर भांडवलदारांची खात्री पटवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ रोपाची एकेक चौकट टिपली. पडद्यावर मिनिटभरात बी फुटून वेल वाढलेला दिसला आणि पैसे उभे राहिले. त्यात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचा वाटा कधीच विसरता येणार नाही. कच्च्या फिल्मला भोके पाडण्यापासून सगळ्या मंडळींच्या जेवणापर्यंत त्या राबल्या. ३ मे १९१३ रोजी गिरगावात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला.

सर्जनशीलता जोपासता येते का, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, पण ती मारणे त्याहून सोपे आहे. तेरेसा अमाबिले यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ७२ तरुण लेखकांकडून छोट्या कविता लिहून घेतल्या. दुसऱ्या कवितेआधी काहींना लिहिण्याच्या आनंदाची कारणे क्रमाने लावायला दिली, तर काहींना पैसा, नाव अशी बाहेरची कारणे. काही मिनिटांचाच हा विचार, पण बाहेरची कारणे मनात घोळवलेल्यांच्या कविता परीक्षकांना स्पष्टपणे कमी सर्जनशील वाटल्या. चित्र पुरे होण्याआधीच 'किती मार्क मिळाले?' असे विचारणाऱ्या घराने हे मनावर घ्यावे.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे शिंपले, बिया, खडे, पाने अशी परिसरातली फुकट मिळणारी साधने मुलांच्या हाती दिली. अरविंद गुप्ता यांचे काम याच जातीचे. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात आणि पुढे पुण्यात 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊतून खेळणी केली. गूल खरवडलेल्या काड्यापेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडायच्या. त्रिकोण दाबून पाहिला तर हलत नाही. चौकोन मात्र लगेच लवतो. समोरासमोरच्या कोपऱ्यांत पाचवी काडी बसवली, की तो घट्ट होतो. काडी तेवढ्याच लांबीची असल्याने थोडा तिरपा होतो इतकेच. हे हाताने केलेली मुले मग छपराच्या कैच्यांत, पुलाच्या लोखंडी सांगाड्यात आणि विजेच्या मनोऱ्यांत आपणहून त्रिकोण शोधू लागतात.