पुण्यातील प्लेगचा बंदोबस्त व त्यावरील वाद (१८९७)

पुणे शहरात प्लेगची साथ रोखण्यासाठी मुंबई सरकारने १८९७ च्या फेब्रुवारी ते मे या महिन्यांत योजलेले सक्तीचे उपाय आणि त्यांवरून वृत्तपत्रांत, न्यायालयात व ब्रिटिश पार्लमेंटात झालेला वाद. हे काम पाहणाऱ्या रँड या अधिकाऱ्याच्या नावावरून मराठी लेखनात या कारभाराला ‘रँडशाही’ असेही म्हटलेले आढळते. साथ हाताळण्याच्या पद्धतीबद्दल सरकारला जाहीर जाब विचारला गेल्याचे महाराष्ट्रातील हे बहुधा पहिले मोठे उदाहरण होय. त्या वेळच्या मराठी पत्रांत प्लेगला ‘ग्रंथिक सन्निपात’ असे नाव होते. बोलण्यात गाठीचा ताप, मरी किंवा नुसते प्लेग म्हणत.

साथीचा उगम : मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये या रोगाचे निदान केले. रोग मुंबईत कोठून आला, याविषयी त्या काळीच दोन मते होती. पहिल्या मतानुसार तो हाँगकाँगहून जहाजांतून आला. हाँगकाँगला १८९४ मध्ये मोठी साथ झाली होती आणि तेथेच येर्सिन व किटासाटो यांनी रोगाच्या जंतूचा शोध लावला होता. मांडवी बंदराला लागून असून तेथे धान्याच्या वखारी होत्या, ही गोष्ट या मताच्या बाजूने जाते. दुसऱ्या मतानुसार कुमाऊँ-गढवालच्या डोंगराळ मुलखात पूर्वापार असलेली ‘महामारी’ तेथून आलेल्या साधू-यात्रेकरूंबरोबर मुंबईत उतरली. अलीकडील जनुकीय अभ्यासांत या साथीचे मूळ चीनच्या युनान प्रांताकडे जाते, त्यामुळे हाँगकाँगचा मार्ग अधिक संभवनीय वाटतो. हा वाद केवळ विद्वानांपुरता नव्हता. रोग बंदरातून आला व बंदरातूनच बाहेर जाईल असे ठरले, तर मुंबईच्या मालावर युरोपची बंदरे बंद होणार होती. फेब्रुवारी-मार्च १८९७ मध्ये व्हेनिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेवर हेच सावट होते. हिंदुस्थान सरकारने अचानक जी कडक पावले उचलली, त्यांमागे रोग्यांच्या काळजीइतकाच व्यापाराचा हा धाक होता, असे मानण्यास जागा आहे.

कायदा : ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा (१८९७ चा कायदा क्र. ३) संमत झाला. मूळ कायद्याची कलमे अवघी चार होती. दुसऱ्या कलमाने सरकारला साथीच्या काळात ‘आवश्यक वाटतील ते’ तात्पुरते नियम करण्याचा, तसेच प्रवाशांची तपासणी व रोग्यांचे विलगीकरण करण्याचा अधिकार मिळाला. तिसऱ्या कलमाने नियमभंग हा भारतीय दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाखाली गुन्हा ठरला. चौथ्या कलमाने या कायद्याखाली सद्भावनेने काम करणाऱ्यांविरुद्ध दावा लावण्याची वाट बंद झाली. पुण्यातील पुढील सगळ्या तक्रारी या चौथ्या कलमाशी येऊन थबकल्या, हे ध्यानात ठेवले म्हणजे लोक न्यायालयात न जाता वृत्तपत्रांकडे का वळले याचा उलगडा होतो.

पुण्यातील समिती : १८९१ च्या शिरगणतीप्रमाणे पुणे शहर व छावणी मिळून लोकसंख्या सुमारे १ लाख ६१ हजार होती. पुण्यातले आरंभीचे रोगी मुंबईहून पळून आलेले होते. जानेवारी १८९७ च्या सुमारास रोग गावातच पसरू लागला आणि फेब्रुवारी संपेपर्यंत निम्म्याच्या आसपास शहर रिकामे झाले. या सुमारास वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याकडे पुण्याच्या प्लेगचे काम व त्यासाठीच्या समितीचे प्रमुखपद देण्यात आले. रँड यापूर्वी सातारा जिल्ह्यात होता आणि वाईच्या १८९४ च्या वाद्यबंदी प्रकरणात (मिरवणुकीत वाद्ये वाजवण्यावरील बंदी मोडल्यावरून) प्रतिष्ठित हिंदूंना त्याने तुरुंगात पाठवले होते. पुणेकरांच्या मनात त्याच्याविषयी अढी होती ती तेव्हापासूनची. हाँगकाँगच्या साथीचा अनुभव असलेले सर्जन-कॅप्टन बेव्हरिज हे त्याच्या समितीत होते. झडतीच्या कामावर मेजर पॅजेटच्या हाताखाली गोरे व देशी मिळून ८९३ अधिकारी व शिपाई नेमले गेले. गोऱ्यांत डरहॅम लाइट इन्फंट्रीचे सोजीर प्रमुख होते. देशी नोकर लाच घेतील किंवा रोगी लपवण्यास मदत करतील, गोरा शिपाई मात्र शिस्तीने वागेल, असे समर्थन सरकारपक्षाने केले. सगळ्या वादाचे मूळ या एका निर्णयात आहे.

झडतीची पद्धत : १३ मार्च १८९७ पासून घरझडत्या सुरू झाल्या. तीन गोरे शिपाई व एक देशी गृहस्थ असे साधारण एक पथक असे. आळीची दोन्ही तोंडे पहारा बसवून बंद करत आणि मग ओळीने एकेक घर घेत. घरातील सर्व माणसांना बाहेर काढून ताप व गाठ पाहत. प्लेगची गाठ जांघेत, काखेत किंवा मानेला येते, त्यामुळे तपासणी म्हणजे अंगावरचे वस्त्र बाजूला करणे आलेच. पथकाबरोबर दर वेळी डॉक्टर नसे आणि स्त्री डॉक्टर तर क्वचितच. शिपायाला हिवतापाची थंडी, हत्तीरोगाची सूज, जांघेतली बद आणि प्लेगची गाठ यांत फरक कळण्याचे काही कारण नव्हते. त्यामुळे निरोगी किंवा दुसऱ्याच आजाराचे लोक संगमाजवळच्या प्लेग इस्पितळात नेले जात आणि तेथे त्यांना खऱ्या रोग्यांची संगत घडे. रोग्याच्या घरच्या माणसांना विलगीकरणाच्या छावणीत ठेवत. प्लेगचा गर्भकाळ साधारणतः दोन ते सहा दिवसांचा धरतात व त्या वेळच्या आंतरराष्ट्रीय नियमात दहा दिवसांची मुदत होती. हातावर पोट असलेल्या घराला दहा दिवसांची मजुरी बुडणे म्हणजे उपास.

कुलूप लावून गाव सोडलेल्यांची घरे फोडून पाहत आणि बरेचदा ती तशीच उघडी राहत. देवघर व स्वयंपाकघर यांतही शिपाई बुटांनिशी जात. त्या काळच्या सोवळ्याओवळ्याच्या घरात याचा अर्थ असा, की चुलीवरचे शिजलेले अन्न, पाण्याचे भरलेले हंडे आणि देवांची मांडणी हे सगळे एका क्षणात विटाळले. पाणी ओतून द्यायचे, भांडी घासून पुन्हा भरायची, देव पुन्हा धुवून मांडायचे, आणि दुसऱ्या झडतीला हेच पुन्हा. मृत्यूची नोंद झाल्याशिवाय प्रेत उचलता येत नसे. नोंदीला लागणारा वेळ व त्यानंतर होणारी झडती टाळण्यासाठी लोक मृत्यूच लपवू लागले. ज्या माहितीसाठी हा नियम केला होता, तीच माहिती त्याने आटवली.

निर्जंतुकीकरण व त्यातील दोष : रोग्याचे घर रिकामे करून अंथरूण-पांघरूण व चिंध्या जाळत, जमीन काही इंच उकरून काढत, भिंतींना चुना देत आणि मोऱ्या-गटारांत कार्बोलिक आम्ल ओतत. जमीन व भिंतींवर रसकापराचा (पारद परक्लोराइड) द्रव शिंपडत. त्याचे रूढ प्रमाण एक हजार भाग पाण्यात एक भाग असे. यातील प्रत्येक उपायाला एक व्यावहारिक अडचण होती. चुन्याचा जंतुनाशक गुण ताज्या विरवलेल्या चुनकळीत असतो. चुना उघडा पडून राहिला, की हवेतील कर्बवायूने त्याची खडू होते आणि भिंत पांढरी दिसण्यापलीकडे काही साधत नाही. रसकापराची शक्ती सेंद्रिय पदार्थाशी संयोग होताच क्षीण होते, आणि पुण्यातील घरांच्या जमिनी शेणाने सारवलेल्या असत. म्हणजे औषध ज्या जमिनीसाठी होते तीच ते निकामी करत होती.

मूळ दोष याहून खोल होता. रोग घाणीतून, मातीतून व माणसाच्या संसर्गातून पसरतो, असे गृहीत धरून हे सारे चालले होते. उंदरावरील पिसवेमार्फत तो पसरतो, हे पॉल-लुई सिमों याने १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी सुमारे दहा वर्षे गेली. गटारे धुतल्याने व जमिनी उकरल्याने बिळांतले उंदीर शेजारच्या घरांत गेले असण्याचा संभव आहे. उंदीर मरून पडू लागले की घर सोडून माळावर झोपडी घालायची, ही खेड्यापाड्यांतील रीत शास्त्राच्या दृष्टीने समितीच्या उपायांपेक्षा अधिक योग्य ठरली. पुढे सरकारनेही तिलाच उत्तेजन दिले.

मेमध्ये साथ उतरली, ते समितीच्या कामाचे यश होते काय, हा प्रश्नही येथे येतो. रँडने आपल्या अहवालात तसा दावा केला. परंतु दख्खनच्या उन्हाळ्यात पिसवांची वाढ खुंटते व प्लेग आपोआप मंदावतो, असे पुढील वर्षांच्या आकड्यांवरून दिसले. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर पुण्यात साथ पुन्हा उलटली आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. ही गोष्ट त्या दाव्याविरुद्ध जाते.

वृत्तपत्रांतील वाद : ‘केसरी’चा आरंभीचा सूर सरकारच्या विरुद्ध नव्हता. विलगीकरण व स्वच्छता हवी, हे बाळ गंगाधर टिळकांना मान्य होते. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांना त्यांनी दोष दिला, स्वतः पुण्यात राहिले आणि वर्गणीतून हिंदू प्लेग इस्पितळ उभे केले. त्यांचा आक्षेप होता तो झडती कोणी घ्यावी व कशी घ्यावी यावर. गोऱ्या शिपायांऐवजी स्थानिक स्वयंसेवक नेमावेत, ही मागणी सुधारक व राष्ट्रीय दोन्ही पक्षांची होती. पंडिता रमाबाईंनी मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून पुण्याच्या प्लेग इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर टीका केली. रमाबाई ख्रिस्ती होत्या व सनातनी पक्षाशी त्यांचे हाडवैर होते, म्हणून त्यांच्या साक्षीला विशेष वजन द्यावे लागते. सरकारने मात्र तिचा इन्कार केला. सावित्रीबाई फुले यांचा वाद वृत्तपत्रांतला नव्हता. मुलगा डॉ. यशवंत याच्या हडपसरजवळच्या इस्पितळात रोग्यांची शुश्रूषा करताना त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी, झडत्या सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, त्या वारल्या.

स्त्रियांच्या अब्रूवर हात टाकला गेला काय, हा या वादातील सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न आहे. हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्याहून आलेल्या खाजगी पत्रांच्या आधारे ‘मँचेस्टर गार्डियन’ला मुलाखत दिली. दोन स्त्रियांवर शिपायांनी बलात्कार केला व त्यांपैकी एकीने आत्महत्या केली, असे तीत होते. परत आल्यावर पत्रलेखकांपैकी कोणी पुढे यायला तयार होईना. त्यामुळे गोखल्यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये आरोप बिनशर्त मागे घेऊन माफी मागितली. या माफीवरून स्वदेशात त्यांच्यावर कठोर टीका झाली. आरोप सिद्ध झाला नाही, हे खरे. पण सिद्ध करण्यासाठी पीडित स्त्रीने व तिच्या घरच्यांनी जाहीरपणे पुढे येणे आवश्यक होते आणि त्या काळी तसे कोणतेही घर करणार नव्हते, हेही तितकेच खरे. शिवाय कारभाराविरुद्धची तक्रार या एका आरोपावर अवलंबून नाही. उघड्यावर परपुरुषाकडून तपासणी, घरफोडी, मालाची नासधूस व चोरी यांच्या तक्रारी स्वतंत्र व अनेक ठिकाणांहून आलेल्या आहेत. पुराव्याचे हे दोन थर वेगळे ठेवणारे अभ्यासक अधिक ग्राह्य वाटतात. मात्र उपलब्ध तक्रारी बहुतांशी लिहित्या-वाचत्या पांढरपेशा घरांतल्या आहेत.

हत्या व खटले : २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाहून परतताना, गणेशखिंड रस्त्यावर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच व रँड ३ जुलैला मरण पावला. दामोदर चापेकर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी, तर त्यांचे भाऊ वासुदेव व बाळकृष्ण आणि साथीदार महादेव रानडे यांना मे १८९९ मध्ये फाशी झाली. प्लेगचा जुलूम हे हत्येचे एकमेव कारण होते काय, याविषयी मतभेद आहेत. चापेकरांचा इंग्रजी राज्यावरचा व सुधारकांवरचा रोष प्लेगच्या आधीचा होता, असे दामोदर यांच्या आत्मवृत्तावरून दिसते.

‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ या ६ जुलैच्या अग्रलेखामुळे टिळकांना शिक्षा झाली, असा समज सर्वत्र आहे. तो बरोबर नाही. राजद्रोहाचा आरोप १५ जूनच्या ‘केसरी’तील शिवाजी उत्सवाचा वृत्तांत व शिवाजीच्या तोंडी घातलेले पद्य यांवर ठेवला होता. १४ सप्टेंबर १८९७ रोजी नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी व तीन हिंदी सभासदांनी निर्दोष असे मत दिले. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी दीड वर्षाच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. राजद्रोहाच्या कलमातील ‘अप्रीती’ (डिसअफेक्शन) म्हणजे प्रीतीचा अभाव, हा त्यांनी लावलेला अर्थ कायद्याच्या इतिहासात बराच काळ वादग्रस्त राहिला. पुण्याचे सरदार नातू बंधू यांना तर खटल्याशिवाय १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनखाली स्थानबद्ध केले गेले.

परिणाम : ९ मार्च १८९८ रोजी मुंबईच्या मदनपुऱ्यात एका आजारी मुलीच्या तपासणीवरून विणकरांची दंगल झाली. त्यानंतर सक्तीच्या झडत्या हळूहळू सोडून देण्यात आल्या. गावाबाहेर झोपड्या, स्थानिक पुढाऱ्यांची मदत व हाफकिनची प्लेगविरोधी लस ऐच्छिक टोचणे यांवर भर आला. पुण्यात स्वयंसेवकांच्या कामात गोखले स्वतः उतरले. १८९७ चा कायदा मात्र तसाच राहिला आणि मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत महाराष्ट्र सरकारने त्याच कायद्याखाली नियम काढले. त्याच वर्षी केंद्र सरकारने त्यात दुरुस्ती करून आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसाठी कडक शिक्षा घातली. सद्भावनेने काम करणाऱ्यांना संरक्षण देणारे चौथे कलम त्या दुरुस्तीनंतरही कायम आहे.