पोळ्याखाली अळ्या पडल्या म्हणजे पोळं सडलं असं नाही

मीटरबॉक्समधल्या सातेरी मधमाश्यांच्या पोळ्याखाली पांढऱ्या अळ्या दिसल्या की मुंबईच्या सोसायट्यांत हमखास ऐकू येतं: "गर्दीत रोग होणारच, पोळं सडलंय, जाळून टाका." कृपा करून जाळू नका. गर्दी रोगाला वाव देते हे खरंच; पण त्याच दबावाखाली माश्यांचा सामूहिक बचावही उत्क्रांत झाला. कामकरी माश्या आजारी अळी वासावरून ओळखतात, तिच्या घराचं मेणाचं झाकण कुरतडतात आणि रोग फैलावण्याआधी तिला बाहेर ओढून टाकतात. शिवाय राणी अनेक नरांशी मीलन करते. बाप वेगवेगळे असल्यामुळे एकाच रोगाला सगळ्या बहिणी सारख्या बळी पडत नाहीत.

पेटीत माश्या पाळणाऱ्यांना साफसफाईची ही सवय तपासता येते. पोळ्यातल्या 100 बंद घरांतले कोष (माशी बनण्याआधीची अवस्था) बारीक टाचणीने टोचून मारा आणि 24 तासांनी किती घरं साफ झाली ते मोजा. टाचणी जाड नको. रस गळला की माश्या त्या वासानेच धावतात आणि निकाल फुगतो.

अळी पाण्याच्या पिशवीसारखी फुगलेली असेल, तर मात्र थाई सॅकब्रूड या अळ्यांना होणाऱ्या रोगाच्या विषाणूची शंका घ्या. तिथे साफसफाई करणाऱ्या माशीलाच लागण होते. अशा अळ्यांच्या पोळ्याची चौकट दुसऱ्या पेटीत कधीच घालू नका.