प्रीमियम म्हणजे बिनइथेनॉलचं नव्हे

गेल्या पावसाळ्यात आमच्या 2012 च्या गाडीच्या बॉनेटखाली पेट्रोलचा वास यायला लागला. मेकॅनिकने होजपाइप काढून माझ्या हातात दिला. चिमटीत दाबला तर रबर लिबलिबीत, बोटं काळी. "आता प्रीमियमच टाकत जा," शेजारचे काका म्हणाले. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलने, म्हणजे अल्कोहोलने, जुनं रबर मऊ पडतं आणि प्रीमियममध्ये ते नसतं, असं त्यांचं म्हणणं. कऱ्हाडच्या पंपावर मी महिनाभर 95 चं प्रीमियम भरलं, लिटरमागे जादा पैसे मोजले. नंतर नीट चौकशी केली तेव्हा कळलं, त्यातही इथेनॉल आहेच.

ही गल्लत घरोघरी आहे. ई-20 हे नाव इंधनात काय मिसळलंय ते सांगतं: शंभर लिटरमागे वीस लिटर इथेनॉल. 95, 100 हे आकडे ऑक्टेनचे. सिलिंडरमध्ये दाब वाढला तरी ठिणगीची ज्योत पोचण्याआधी इंधनाने आपोआप पेट घेऊ नये, याची ती क्षमता. ती कमी पडली की चढावर इंजिन खडखडतं, त्यालाच नॉकिंग म्हणतात. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे आणि अ‍ॅव्हरेजही नव्हे. साध्या इंजिनला गरजेपेक्षा जास्त ऑक्टेन पाजून हाती काही लागत नाही.

त्यात इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन 108 च्या आसपास आहे. म्हणून 91 च्या मूळ पेट्रोलमध्ये ते वीस टक्के मिसळलं की मिश्रण 95 पर्यंत जातं. म्हणजे साध्या नळीतून येणारं ई-20 आणि 95 चं प्रीमियम, ऑक्टेनच्या बाबतीत जवळपास शेजारी-शेजारीच. प्रीमियममध्ये उरतात ती इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग, स्वच्छ ठेवणारी रसायनं. ती चांगली आहेत, पण रबर वाचवणं हे त्यांचं काम नाही.

अ‍ॅव्हरेज का घटतं, ते इथेनॉलच्या पोटात आहे. लिटरभर इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात जुन्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के घट धरली होती, ई-20 साठी ट्यून केलेल्या गाड्यांसाठी एक-दोन टक्के. टाकी फुल्ल करून, पुन्हा फुल्ल करून मी मोजलं: हायवेला सोळा द्यायची ती गाडी आता पंधरा देते.

दुसरा त्रास पाण्याचा. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. रोज फिरणाऱ्या गाडीत ते इंधन जळून जातं. पण कोकणातल्या घरी चार महिने उभ्या असलेल्या गाडीत पाणी फार साचलं, तर इथेनॉलसकट ते वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं.

इंडियन ऑइलचं 100 ऑक्टेनचं पेट्रोल, एक्सपी100, बिनइथेनॉलचं म्हणून ओळखलं जातं, पण ते फार महाग. क्वचित बाहेर निघणाऱ्या जुन्या गाडीला ते भरणं समजू शकतो. रोज साठ किलोमीटर जाणाऱ्याने त्यापेक्षा रबरी पाइप, ओ-रिंग (जोडांवरच्या रबरी कड्या) बदलून घ्यावेत. सरकारनेही मान्य केलंय की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील. टर्बो इंजिनवाल्यांनी मात्र टाकीच्या झाकणाआतला स्टिकर वाचावा. तिथे 95 लिहिलं असेल, तर त्याखाली उतरू नये.

मी उसाच्या पट्ट्यातला. मळीपासून इथेनॉल होतं, कारखान्याकडे पैसा लवकर येतो, उसाची बिलं निघायला त्याची मदत होते. हे डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे इथेनॉलला नावं ठेवायला जीभ वळत नाही. पण जुनी गाडी जपणाऱ्याला परवडेल असं बिनइथेनॉलचं पेट्रोल पंपावर मिळायलाच हवं होतं. तशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 ला फेटाळली.

आमच्या गाडीला आता इथेनॉल सोसणारे पाइप टाकलेत. टाकीत साधं ई-20 च भरतो, आणि दर सर्व्हिसिंगला तोच पाइप चिमटीत दाबून बघतो. अजून तरी बोटं काळी झालेली नाहीत.