मॅगव्हीलवरचे चरे घासण्याआधी: चाक रंगवलेलं आहे की डायमंड कट?

गेल्या रविवारी आमच्या खालच्या मजल्यावरचे काका पितळेची भांडी चमकवायचं पॉलिश आणि जुनं बनियन घेऊन नव्या गाडीच्या चाकाशी बसले होते. चाक चांदीसारखं लखलखीत, पण उन्हात पाहिलं की त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे दिसत होते. "धातूच आहे ना, मग धातूचं पॉलिश चालणारच," ते म्हणाले. मी म्हटलं, "काका, जरा थांबा. तुमचा हात अजून धातूला लागलेलाच नाही."

ही गल्लत फार जणांची होते, कारण दोन वेगळ्या जातींची चाकं दुरून सारखीच दिसतात. गॅरेजात दोन्हींना मॅगव्हीलच म्हणतात. (नावात मॅग्नेशियम असलं तरी ही चाकं मुख्यतः ॲल्युमिनियमची असतात, त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम.) फरक आहे तो वरच्या थरांत. रंगवलेल्या चाकावर आधी अस्तर, मग चंदेरी, करडा किंवा काळा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर. डायमंड कट चाकही आधी असंच रंगवतात, पण नंतर ते सीएनसी लेथवर (संगणकाने चालणाऱ्या, चाक फिरवत कापणाऱ्या यंत्रावर) चढवून दर्शनी भागाची पातळ साल काढतात. तेवढ्या भागावरचा रंग उडतो, उघडं ॲल्युमिनियम झळकायला लागतं आणि खाचांमधला काळा रंग तसाच राहतो. मग सगळ्यावर लॅकर. म्हणजे चकाकणाऱ्या भागात रंग नाहीच. लॅकर थेट धातूवर बसलेलं असतं.

ओळखायला उन्हात चाकाजवळ डोळा न्या, नाहीतर मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा एकाआत एक बारीक गोल रेषा दिसल्या, त्यावर इंद्रधनुष्याची पुसट झाक आली, तर ते डायमंड कट. त्या रेषा म्हणजे लेथच्या हत्याराच्या खुणा. त्यांना चरे समजून घासत बसलेले लोक मी पाहिलेत. रंगवलेल्या चाकावर अशा रेषा नसतात. पृष्ठभाग सगळीकडून एकसारखा दिसतो, चंदेरी रंग असेल तर त्यात बारीक चमकी दिसते.

बारीक चरे पडतात कसे, तर बहुतेक वेळा आपल्याच हातून. ब्रेक लागताना पॅड आणि डिस्क झिजून लोखंडाची बारीक धूळ उडते आणि चाकावर चिकटते. कोरड्या फडक्याने चाक पुसलं की तीच धूळ वॉटर पेपरसारखी घासली जाते. म्हणून पॉलिशला हात लावण्याआधी चाक गार असताना भरपूर पाण्याने, शाम्पूने धुवा. लोखंडी धूळ विरघळवणारा स्प्रे मिळतो. तो मारला की चाकावरून जांभळे ओघळ वाहू लागतात. ते पाहिलं की इतके दिवस फडक्याखाली आपण काय रगडत होतो ते कळतं.

मग नखाची परीक्षा. चऱ्यावरून नख आडवं, हलकेच फिरवा. अडकलं नाही तर चरा लॅकरमध्येच आहे, आणि तेवढ्यापुरती दोन्ही चाकं एकाच वाटेवर आहेत. गाडीच्या रंगासाठी मिळतं ते बारीक कणांचं पॉलिश फोमच्या पॅडवर किंवा मायक्रोफायबरवर वाटाण्याएवढं घ्या आणि तळहाताएवढा भाग हलक्या दाबाने फिरवत घासा. त्याने भागलं नाही तरच रबिंग कंपाउंड (पॉलिशपेक्षा भरड लेप), आणि कंपाउंडनंतर पुन्हा पॉलिश. नाहीतर कंपाउंडची धुरकट छटा मागे राहते. पितळेच्या पॉलिशमधले कण लॅकरला भरड पडतात, चरा जाण्याऐवजी सगळा भागच मंद होतो. आणि पॉलिश असो वा मेण, ब्रेकच्या डिस्कवर त्याचा थेंबही जाऊ देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घासताना नजर चाकावर कमी आणि फडक्यावर जास्त ठेवा. चाक स्वच्छ धुतलेलं असेल आणि लॅकर शाबूत असेल तर फडक्यावर फक्त पॉलिशचाच रंग दिसतो. रंगवलेल्या चाकावर फडकं चंदेरी-करडं किंवा काळं व्हायला लागलं, तर लॅकर संपलं आणि खालचा रंग निघतोय. डायमंड कटवर काजळासारखा काळा डाग आला, तर तुम्ही उघड्या ॲल्युमिनियमवर पोचलात. ॲल्युमिनियम घासलं की असाच काळा मळ सुटतो. दोन्हीकडे तिथेच थांबायचं. लॅकरचा थर जेमतेम केसाच्या जाडीच्या आसपासचा असतो, त्यामुळे २००० नंबरचा वॉटर पेपर हातात घेताना मी आजही दोनदा विचार करतो. डायमंड कटवर तर तो घेतच नाही.

नख अडकलं की मात्र दोघांच्या वाटा फुटतात. रंगवलेलं चाक समजूतदार. फुटपाथच्या कडेला घासून खरवडलेला भागही तेवढ्यापुरता दुरुस्त होतो: टायर आणि रिमच्या मध्ये खेळण्याचे पत्ते खोचून टायर झाकायचा, कड ४०० आणि मग ८०० नंबरच्या पेपरने सारखी करायची, खड्डा असेल तर लांबी (पुट्टी) भरायची, वर अस्तर, रंग, लॅकर. चांगल्या पेंटरच्या हातचं काम दोन फुटांवरून ओळखू येत नाही. चाकाला तडा असेल किंवा ते वाकलं असेल तर मात्र चऱ्याचा विचार सोडा, आधी ते चाक बदला.

डायमंड कटला असं ठिगळ बसत नाही. लेथच्या त्या गोल रेषा हाताने काढता येत नाहीत. एका जागी पेपर मारला की तेवढा भाग आंधळा दिसतो आणि शेजारच्या चकाकीमुळे आणखीच डोळ्यात भरतो. नीट करायचं तर टायर उतरवून, जुना थर काढून, रंग देऊन, चाक पुन्हा लेथवर चढवावं लागतं. दर खेपेला थोडा धातू जातो, त्यामुळे एका चाकाला हे साधारण दोन-तीनदाच झेपतं. चारही चाकं फुटपाथला वारंवार घासली जात असतील तर ती सरळ एकरंगी रंगवून घ्यावीत असं माझं ठाम मत आहे.

आणि डायमंड कटवरचा खोल चरा नुसता सोडूनही चालत नाही. लॅकर फुटलं की ओल आणि खारं पाणी आत शिरतं आणि लॅकरखाली पांढऱ्या अळीसारख्या वळवळत्या रेषा पसरू लागतात. हा गंज आहे, लॅकरच्या आडोशाने धातू खात जाणारा, आणि दमट, खारी हवा त्याला मानवते. रत्नागिरीला माझ्या मावसभावाच्या गाडीवर एका पावसाळ्याआधी नखाएवढा ओरखडा होता. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यातून निघालेल्या रेषा स्पोकच्या अर्ध्यावर पोचल्या होत्या. वरून कितीही पॉलिश मारलं तरी त्या जात नाहीत, कारण पॉलिश लॅकरच्या वर आणि त्या खाली.

काकांचं चाक डायमंड कट निघालं. दोघांनी मिळून एकच स्पोक हाताने पॉलिश केला, दर मिनिटाला फडकं उलटून पाहत. ते शेवटपर्यंत पांढरंच राहिलं आणि जाळं गेलं. कडेचा एक चरा मात्र नखाला लागत होता. तो घासला नाही. स्पिरिटने पुसून, पूर्ण वाळू देऊन, टचअप पेनमधलं पारदर्शक लॅकर त्यात थेंबभर सोडलं. जवळून तो अजून दिसतो, पण आत पाणी शिरणार नाही. बाकीचे स्पोक आणि उरलेली तीन चाकं पुढच्या रविवारी.