ऑर्किड आयडी

ऑर्किड आयडी म्हणजे संशोधकाचा १६ आकडी कायमचा नंबर. फुलाशी काही संबंध नाही, ओपन रिसर्चर अँड काँट्रिब्यूटर आयडी याचं ते छोटं रूप. ऑक्टोबर २०१२ मध्ये हे सुरू झालं, चालवणारी संस्था ना-नफा आहे आणि नंबर काढायला पैसे लागत नाहीत, गाइडची सहीसुद्धा नाही. शेवटचा आकडा आधीच्या १५ आकड्यांवरून हिशोब करून काढलेला असतो, म्हणजे टाइप करताना एखादा आकडा चुकला तर तिथेच पकडला जातो. हिशोब १० आला तर एक्स लिहितात, त्यामुळे शेवटी एक्स दिसला तर घाबरू नये.

मराठी मुलांना याची गरज जास्त, कारण आपल्याकडचा नावांचा घोळ. एस. पाटील एकाच युनिव्हर्सिटीत किती निघतील देव जाणे, त्यात एका पेपरवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, दुसऱ्यावर नुसती इनिशियल्स, तिसऱ्यावर आडनाव आधी, आणि पीएचडी चालू असताना लग्न होऊन नाव बदललं की कॉम्प्युटरच्या लेखी एका बाईच्या दोन बाया होतात. गूगल स्कॉलर (पेपर शोधायची गूगलची साइट) प्रोफाइल बनवताना भलत्याच पाटलांचे पेपर पुढे करतं आणि काही लोक सायटेशन (म्हणजे आपल्या पेपरचा इतरांनी दिलेला संदर्भ) वाढतंय म्हणून खुशाल ठेवूनही घेतात! ऑर्किडमध्ये जुनं नाव पर्यायी नाव म्हणून टाकता येतं, नंबर तोच राहतो.

रिसर्चगेट आणि अकॅडेमिया (संशोधकांच्या सोशल साइट्स, दोन्ही २००८ च्या) यांच्याशी याची गल्लत करतात. त्या कंपन्या आहेत, तिथे फॉलो, मेसेज, पीडीएफ सगळं चालतं, पण जर्नलची छापील पीडीएफ तशीच चढवली तर कॉपीराइटचं लफडं होऊ शकतं, २०१७ मध्ये एल्सेव्हिअर आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या जर्नल छापणाऱ्या प्रकाशकांनी रिसर्चगेटला जर्मनीत कोर्टात खेचलं होतं. ऑर्किडवर फाइल ठेवतच नाहीत, फक्त नोंद. थिसिस जातो तो शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या थिसिसच्या ऑनलाइन साठ्यात, तो चालवते गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही यूजीसीची संस्था.

नंबर काढताना कॉलेजच्या ईमेलसोबत स्वतःचा जीमेलही जोडावा, नाहीतर डिग्रीनंतर कॉलेजचा मेल बंद पडतो, पासवर्ड आठवत नाही आणि माणूस दुसरा नंबर काढून बसतो. आणखी एक, पेपर पाठवताना नंबर दिला असेल तर छापून आल्यावर क्रॉसरेफ (प्रकाशकांकडून पेपरांची नोंद ठेवणारी संस्था) ती नोंद ऑर्किडवर आपोआप चढवू शकतं, फक्त पहिल्यांदा परवानगी मागतं. तो मेल स्पॅम समजून उडवला की प्रोफाइल रिकामंच.